शेठ वालचंद हिराचंद

सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरे कृष्णेच्या खोऱ्यात वसलेली आहेत. तेथून समुद्र दूर. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. तरीही जहाजे व विमाने यांचा ज्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, अशा एका थोर उद्योजकाच्या कार्याच्या खुणा या दोन्ही शहरांत आढळतात. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनी १९२२ साली लोखंडी नांगरांचा कारखाना काढला होता. तो पुढे काही काळ या उद्योजकाच्या समूहात सामील झाला. सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत जे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यास त्यांचेच नाव आहे. ते उद्योजक म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरात सावकारी व कापसाचा व्यापार परंपरेने चालत आला होता. परंतु वालचंदांचे मन त्यात रमेना. काहीतरी नवे उभारावे, अशी त्यांची वृत्ती होती. लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतील एका माजी कारकुनाशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका भागाचे काम कंत्राटाने घेतले. हीच छोटी रेल्वे पुढे १९२७ साली मिरजेपर्यंत येऊन पोचली. रूळ घालता घालता वालचंदांना माणसे जोडण्याची आणि मोठी कामे अंगावर घेण्याची सवय जडली.

त्या काळी हिंदुस्थानचा कापूस परदेशी जाई, तो इंग्रजांच्या जहाजांतून. माल आपला, पण भाडे दुसऱ्याच्या पदरात, अशी स्थिती होती. १९१९ साली वालचंदांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. बलाढ्य इंग्रजी कंपन्यांनी भाड्याचे दर उतरवून या नव्या कंपनीस जेरीस आणले. तोटा सोसावा लागला. तरी वालचंदांनी माघार घेतली नाही. ५ एप्रिल हा दिवस आज भारतात ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळला जातो.

१९३९ साली वालचंद अमेरिकेहून विमानाने पूर्वेकडे प्रवास करीत होते. त्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली हे चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये जे होऊ शकते, ते आपल्या देशात का होऊ नये? हा प्रश्न वालचंदांच्या मनात ठसला. म्हैसूर संस्थानाने त्यांना साहाय्य केले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. पुढील ऑगस्ट महिन्यात तेथे तयार झालेल्या पहिल्या विमानाने आकाशात झेप घेतली. त्याचे भाग परदेशातून आणलेले होते, ही गोष्ट खरी. तथापि ते येथील कामगारांच्या हातांनी जोडले होते, आणि पुढचे सारे शिक्षण त्या जोडणीपासूनच सुरू व्हावयाचे होते.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन थडकले. अशा वेळी, १९४२ साली, इंग्रज सरकारने तो कारखाना आपल्या हाती घेतला. वालचंदांना आपला वाटा सोडावा लागला. जे झाड स्वतः लावले, ते फळ धरण्यापूर्वीच दुसऱ्याच्या स्वाधीन करणे सोपे नसते. तरीही त्यांनी विमानांचा विषय सोडून दिला नाही.

मुंबईस पुरुषोत्तम मेघजी कबाली यांनी १९३७ साली ‘एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया’ ही हवाई वाहतुकीची कंपनी काढली होती. १९४३ साली सिंदिया कंपनीने ती विकत घेतली. सिंदियाचे अध्यक्ष असल्यामुळे आता जहाजांबरोबर प्रवासी विमानांची जबाबदारीही वालचंदांवर आली. विमान कंपनी चालविणे हे मोठे जोखमीचे काम असते. वैमानिक, यंत्रज्ञ, इंधन आणि हवामानाची वार्ता यांपैकी एकाही बाबतीत हयगय झाली, तर प्रवाशांच्या जिवावर बेतते. शिवाय निम्मी आसने रिकामी राहिली, तरी विमान उडविण्याचा खर्च फारसा कमी होत नाही.

याच काळात वालचंदांनी विशाखापट्टणम येथे जहाजे बांधण्याचा कारखाना उभारला. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. प्रकृती ढासळल्यामुळे १९५० साली वालचंद कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला देशातील आठ विमान कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स महामंडळ स्थापन केले. त्या आठांत ‘एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया’ ही होती.

अशा रीतीने विमानांचा कारखाना गेला, जहाजांचा कारखाना सरकारकडे गेला आणि विमान कंपनीही महामंडळात विलीन झाली. मग वालचंदांचे राहिले काय? बंगळूरचा तो कारखाना १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्स म्हणून ओळखला जाऊ लागला व तेथे देशाची विमाने बनू लागली. विशाखापट्टणमच्या गोदीत जहाजे बांधली जात राहिली. मालकी बदलली, काम थांबले नाही.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले आणि १९५५ साली त्यास वालचंदांचे नाव मिळाले. शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले तेथे यंत्रविद्या शिकू लागली. एका कारखान्याची मालकी जाऊ शकते. पण शिकलेल्या हातांतील कौशल्य कोणासही काढून घेता येत नाही. ज्याने हे काम आपल्या देशात होईल असा विश्वास धरला, त्याचे नाव अशा विद्यालयास शोभते.