गोचिडीचा दंश आणि होमिओपॅथीची गोळी

मृगाचा पाऊस पडून कुरणें हिरवीं झालीं, कीं जनावरांच्या कानांत, कासेवर आणि शेपटीच्या मुळाशीं गोचिडी दिसूं लागतात. त्या उपटतांना गुराख्यास, धार काढणाऱ्या बाईस, व कधीं कधीं गोठ्यांत खेळणाऱ्या पोरासही त्यांचा दंश होतो. आमच्या संघाच्या कित्येक सभासदांनीं या वर्षीं आम्हांस एकच प्रश्न विचारला आहे: गोचिडीच्या दंशावर होमिओपॅथीच्या गोळ्या चालतात काय? गोळी स्वस्त, चवीला गोड, जनावर ती खुशीनें खातें. उलट पशुवैद्याचा दवाखाना पुष्कळ गांवांहून दूर पडतो. तेव्हां प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आडवळणानें न देतां सरळ द्यावें असें आम्हांस वाटतें.

गोचीड कशी जगते?— गोचीड हा कीटक नव्हे. कोळी व विंचू यांच्या कुळांतील हा आठ पायांचा जीव आहे. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लास मात्र सहाच पाय असतात. आपल्या गाईगुरांवर मुख्यत्वें दोन प्रकारच्या गोचिडी आढळतात. 'बूफिलस' ही जात पिल्लापासून मादीपर्यंतच्या सर्व अवस्था एकाच जनावराच्या अंगावर सुमारें तीन आठवड्यांत पुऱ्या करते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खालीं गळून पडते, आणि एखाद्या भेगेंत किंवा गवताच्या बुडाशीं दोन ते तीन हजार अंडीं घालून मरते. दुसरी 'हायलोमा' ही जात वाढतांना जनावर बदलते, आणि मधल्या काळांत भिंतीच्या व गव्हाणीच्या फटींत दडून राहते. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, जनावराच्या अंगावर ज्या दिसतात त्या गोचिडी थोड्या. त्यांहून अधिक गोठ्यांत व कुरणांत असतात.

खरें भय कशाचें?— एका गोचिडीच्या दंशानें होणारी खाज व सूज बहुधा चार दिवसांत आपोआप जाते. भय आहे तें तिच्या लाळेवाटे रक्तांत शिरणाऱ्या रोगजंतूंचें. अमेरिकेंतील गुरांचा 'टेक्सास ताप' गोचिडीमुळें पसरतो, हें थिओबाल्ड स्मिथ व किल्बर्न यांनीं १८९३ सालीं सिद्ध केलें. त्याच वर्गाचा रोग आपल्याकडे बॅबेसिया म्हणून ओळखला जातो. त्यांत जोराचा ताप येतो व लघवी कोऱ्या चहासारखी लालकाळी होते. थायलेरिया रोगांत तापाबरोबर खांद्यापुढील गांठी सुजतात, डोळ्यांच्या पापण्या आंतून पांढुरक्या पडतात आणि जनावर धापा टाकतें. ॲनाप्लाज्मा रोगांत रक्त कमी होऊन कावीळ दिसते व शेण कठीण होतें. या सर्वांस आपले लोक 'गोचीड ताप' या एकाच नांवानें ओळखतात. पण तिन्ही रोगांचीं औषधें वेगवेगळीं आहेत, आणि कोणता रोग आहे याचा खरा निर्णय रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यानेंच होतो. नागपूर-वर्ध्याकडील गवळाऊ जनावर या रोगांस बऱ्याच अंशीं तोंड देतें. जर्सी व होल्स्टिन रक्ताचीं संकरित जनावरें मात्र लवकर बळी पडतात. ज्यानें अधिक दुधासाठीं संकरित गाय बांधली, त्यानें या तापाची धास्तीही तिच्याबरोबर घरीं आणली, असें समजावें.

होमिओपॅथीचें म्हणणें काय?— सॅम्युएल हानेमान (१७५५–१८४३) या जर्मन वैद्यानें १७९० सालीं सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, आणि हिंवतापावरील त्या औषधानें आपल्या अंगीं तापासारखीं लक्षणें उठलीं असें नमूद केलें. त्यावरून, जें द्रव्य निरोगी माणसांत जीं लक्षणें उत्पन्न करतें तेंच द्रव्य अत्यल्प मात्रेंत तशाच लक्षणांच्या रोग्यास द्यावें, असा नियम त्यानें बांधला. काट्यानें काटा काढावा, अशांतलाच हा विचार होय. पुढें लाइपझिगचा पशुवैद्य लक्स यानें ही पद्धति जनावरांस लावली. दंशासाठीं या पद्धतींत प्रामुख्यानें दोन औषधें सांगतात: थंड देशांतील दलदलींत उगवणाऱ्या झुडपापासून केलेलें 'लीडम', आणि मधमाशीपासून केलेलें 'एपिस'. कोणी रोगद्रव्यापासूनच केलेले 'नोसोड' देतात.

आतां मात्रेचा हिशेब पाहूं. बाटलीवर '३०' ही शक्ति लिहिलेली असते. तिचा अर्थ असा कीं, मूळ अर्काचा एक भाग शंभर भागांत मिसळला, त्यांतला एक भाग पुन्हां शंभरांत, असें तीस वेळां केलें. म्हणजे मूळ द्रव्य एकावर साठ शून्यें इतक्या पटीनें पातळ झालें. कोणत्याही पदार्थाच्या ग्रॅममधील रेणुभाराइतक्या वजनांत एकूण रेणु सहावर तेवीस शून्यें इतकेच असतात. तेव्हां बाराव्या पायरीपुढें मूळ द्रव्याचा एक रेणुही हातीं लागण्याची आशा उरत नाहीं. उरते ती साखर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यक संशोधन परिषदेनें २०१५ सालीं उपलब्ध प्रयोगांची छाननी करून असा निष्कर्ष दिला कीं, ज्यावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरंवशाचा पुरावा आहे असा एकही विकार नाहीं.

मग गुण आला असें कां वाटतें?— याचीं कारणें साधीं आहेत. पहिलें, बहुतेक दंशांतून कोणताच रोग होत नाहीं. तेथें गोळी दिली काय, न दिली काय, परिणाम एकच. दुसरें, कांहीं ताप मध्येंच उतरतात व पुन्हां चढतात. उतारावर गोळी दिली कीं यश गोळीला. तिसरें, जो मालक गोळी देतो तो त्याच दिवसांत जनावर सावलींत बांधतो, हिरवा चारा घालतो, गोचिडी वेंचतो. गुण त्या सेवेचा असतो.

आमच्याच गोठ्यांतील एक गोष्ट येथें सांगणें आम्हांस भाग आहे. एका श्रावणांत आमच्या संकरित गाईस ताप भरला. एका स्नेह्यानें दिलेल्या गोळ्या आम्हीं तिला तीन दिवस चारल्या. दुसऱ्या दिवशीं तिनें थोडी वैरण खाल्ली, तेव्हां गुण आला असें समजून आम्ही स्वस्थ राहिलों. चौथ्या दिवशीं पहांटे तिची लघवी लालकाळी झाली. पशुवैद्य आले, त्यांनीं रक्त तपासलें, सुई टोंचली. पण रक्त इतकें आटलें होतें कीं गाय संध्याकाळ पाहूं शकली नाहीं. तिची दोन महिन्यांची कालवड मागें राहिली. गोळीनें गाय मारली असें आम्ही म्हणत नाहीं. गोळीवर विसंबून जे तीन दिवस आम्हीं घालविले, त्यांनीं ती मारली. स्नेह्याचा हेतु चांगला होता. वाट पाहण्याचा निर्णय मात्र आमचाच होता. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच.

जनावरांसाठीं काय करावें?— (१) ताप, गळालेला चारा, सुजलेल्या गांठी किंवा लाल लघवी यांपैकीं एकही चिन्ह दिसतांच त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. थायलेरियावर ब्युपार्वाक्वोन, बॅबेसियावर डिमिनाझिन, ॲनाप्लाज्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन हीं औषधें खरोखर गुणकारी आहेत, पण लवकर दिलीं तर. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करतां येते. १९५८ सालीं स्थापन झालेलें नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालयही आपल्याच जिल्ह्यांत आहे. (२) गोचीडनाशक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें व वेष्टणावरील प्रमाणांतच फवारावें. जनावरास आधीं पाणी पाजावें, म्हणजे तें ओलें अंग चाटणार नाहीं. उन्हाच्या वेळीं फवारूं नये. पिल्लें मागाहून निघतात म्हणून फवारणी सांगितलेल्या अंतरानें पुन्हां करावी. दूध किती दिवस वापरूं नये, तें विचारून घ्यावें. (३) त्याच दिवशीं गोठाही साफ करावा: भेगा बुजवाव्या, भिंतीस चुना द्यावा, शेणकूट दूर न्यावें. घरच्या कोंबड्या गोठ्यांत सोडल्यास त्या गळलेल्या गोचिडी टिपतात. (४) संकरित वासरांस थायलेरियाची लस मिळते; तिजविषयीं पशुवैद्यास विचारावें.

माणसांसाठीं काय करावें?— त्वचेस चिकटलेली गोचीड बारीक टोंकाच्या चिमट्यानें त्वचेलगत धरून सरळ, सावकाश वर ओढावी. विडीचा चटका, घासलेट अथवा तेल लावूं नये, व ती बोटांनीं चिरडूं नये. जागा साबणानें धुवावी आणि दंशाची तारीख लिहून ठेवावी. पुढील दोनतीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आल्यास डॉक्टरांस गोचीड चावल्याचें स्वतः होऊन सांगावें; तें न सांगितल्यानें निदान चुकतें. गोचिडीपासून होणारा पुरळाचा ताप आपल्या भागांत आहे. मुलांतील हा ताप लवकर ओळखण्यासाठीं अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनीं २०११ सालीं लक्षणांची गुणपद्धति प्रसिद्ध केली. २०१८ च्या पावसाळ्यांत नागपूर व भोंवतालच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसनें माणसें दगावलीं. तो रोग गोचिडीपासून नव्हे, तिच्याच दूरच्या नात्यांतील अतिसूक्ष्म जीवाच्या पिल्लापासून होतो, व दंशाच्या जागीं पुष्कळदां काळी खपली धरते. या दोन्ही तापांवर डॉक्सिसायक्लिन हें जुनें व स्वस्त औषध वेळेवर दिल्यास प्राण वांचवितें. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांत प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ सालीं सिंधुदुर्गांतील दोडामार्गापर्यंत आला. त्यावर खास औषध नाहीं, म्हणून तेथें रुग्णालयांतील शुश्रूषेस अधिकच मोल आहे. विदेशी पुस्तकांत दंशानंतर लीडम घ्या असा जो उपदेश आढळतो, तो बहुधा युरोप-अमेरिकेंतील लाइम रोगास उद्देशून असतो. आणि त्या रोगावरही डॉक्टर प्रतिजैविकेंच देतात.

सभासदांच्या प्रश्नास आमचें उत्तर आतां स्पष्ट झालें असेल. गोचीड गोळीनें पडत नाहीं व गोचीड ताप गोळीनें उतरत नाहीं. आमच्या शब्दावर विश्वास नसेल त्यानें निरोगी गुरें दोन वाट्यांत विभागावीं, एका वाट्यास औषधाची व दुसऱ्यास नुसत्या साखरेची गोळी द्यावी, आणि कोणत्या वाट्यास काय दिलें हें ठाऊक नसलेल्या माणसाकडून महिनाभर गोचिडी मोजवाव्या. श्रद्धेनें कोणी गोळी दिलीच, तर पशुवैद्यास निरोप धाडल्यावर द्यावी; निरोपाच्या ऐवजीं देऊं नये. आमची ती कालवड आज दुभती झाली आहे. दर पावसाळ्यांत संध्याकाळीं तिचे कान व कास आम्ही स्वतः चांचपून पाहतों, आणि तिचें अंग गरम लागलें तर सकाळ होण्याची वाट पाहत नाहीं.