निवडुंगावरचे छप्पर

निवडुंग म्हटले की शेताच्या बांधावरचे काटेरी कुंपण डोळ्यांपुढे यावे, ही कल्पना आता जुनी झाली. शहरांतील सज्जे, गच्च्या आणि खिडक्यांच्या कठड्यांवर मूठभर मातीच्या कुंड्यांतून मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम, हॉवर्थिया, एकेव्हेरिया अशी परदेशी नावांची मंडळी आज विराजमान झालेली दिसतात. त्यांना जागा थोडी लागते. घर आठ-पंधरा दिवस बंद राहिले तरी ती तग धरतात. बदलीच्या नोकरीत तर सामानाबरोबर हलवता येणारी बाग म्हणून त्यांचे मोल अधिकच आहे. तथापि, हौसेने आणलेली यांतील बरीचशी झाडे पहिल्याच पावसाळ्यात दगावतात. वरून हिरवेगार दिसणारे खोड एके दिवशी बोट लावताच आत दबते, आणि काहीच न मागणारे हे झाड गेले तरी कशाने, असा प्रश्न घरच्यांना पडतो. बहुतेक वेळा ते पाण्याने गेलेले असते. म्हणूनच ही झाडे वाढविण्याचे शास्त्र हे प्रामुख्याने त्यांना पाण्यापासून सांभाळण्याचे शास्त्र आहे, आणि घरगुती हरितगृहाचा विचारही याच दृष्टीने करावयास हवा.

निवडुंग आणि त्याचे सोबती

पाने, खोड किंवा मुळे यांत पाणी साठवून ठेवणाऱ्या वनस्पतींना मांसल वनस्पती अथवा सक्युलंट म्हणतात. कोरफड, पानफुटी, घायपात, अ‍ॅडेनियम ही त्यांची घरोघरी माहीत असलेली उदाहरणे. कॅक्टस हे त्यांतील एक स्वतंत्र कुल असून एखाददुसरा अपवाद वगळता त्याचे सर्व सदस्य मूळचे अमेरिका खंडाचे आहेत. कॅक्टस ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या खोडावरील लवयुक्त ठिपके. काटे, फांद्या आणि फुले या ठिपक्यांतूनच उगवतात. आपल्या डोंगरउतारांवरील त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया कुलातील आहे. तो कापला की पांढरा चीक येतो आणि तो चीक डोळ्यांना अत्यंत घातक असतो. दोन्ही कुलांत सारख्याच दुष्काळी परिस्थितीमुळे सारखे रूप आले, आणि मराठीने दोघांनाही 'निवडुंग' या एकाच नावाने सामावून घेतले.

फड्या निवडुंग हा मात्र खरा कॅक्टस आणि खरा पाहुणा. किरमिजी रंगाच्या व्यापारातील स्पेनची मक्तेदारी मोडण्याच्या इच्छेने ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा रंग देणारे कीटक भारतात वाढविण्याचा प्रयत्न केला. १७९५ साली ब्राझीलमधून आणलेला कीटक खऱ्या जातीचा निघाला नाही. त्याच्यापासून चांगला रंग मिळाला नाही, उलट ज्या निवडुंगावर त्याला पोसायचे, त्याचाच त्याने फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये दक्षिण भारतात माजलेल्या फड्या निवडुंगाला आवर घालण्यासाठी याच गटातील दुसरा कीटक श्रीलंकेतून मुद्दाम आणण्यात आला. कुंडीतील निवडुंगावर आज दिसणारा पांढरा पिठ्या ढेकूण हा या कीटकांचा दूरचा नातलग आहे, हे हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

रात्री जमा, दिवसा खर्च

सर्वसाधारण झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याच रंध्रांतून पाण्याची वाफही निघून जाते. वाळवंटात ही उधळपट्टी परवडणारी नसते. म्हणून निवडुंग आणि अनेक मांसल वनस्पती दिवसा रंध्रे बंद ठेवतात, रात्रीच्या गारव्यात ती उघडतात आणि मिळालेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ऊन आले की दारे लावून घेऊन या साठ्यातून अन्न तयार होते. या क्रियेची एक जुनी नोंद भारतातीलच आहे. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाला पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळच्या सुमारास किंचित कडवट लागते, असे आढळले. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. आम्लाचा रात्रभर साठा होतो आणि दिवसा तो खर्ची पडतो, हे त्यामागील कारण पुढे उलगडले.

या काटकसरी व्यवस्थेला दोन गोष्टींची गरज असते : दिवसा भरपूर उजेड आणि रात्री खेळती, शक्यतो गार हवा. साचलेली दमट हवा आणि सतत ओली मुळे तिला मानवत नाहीत. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांतून बुरशी खोडात शिरते. सड बाहेर दिसेपर्यंत आतले काम बहुधा संपलेले असते.

हरितगृह : पांघरूण की छत्री?

युरोपात निवडुंगासाठी काचेचे हरितगृह बांधतात ते हिमापासून रक्षणासाठी. तेथे ते झाडाचे पांघरूण असते. ती रचना जशीच्या तशी उचलून आपल्या गच्चीवर उभारली, तर एप्रिलमधील दुपारी तिची भट्टी होईल. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. अनेक निवडुंगांचे माहेर असलेल्या मेक्सिकोच्या चिवावा वाळवंटात वर्षाकाठी साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात त्याची सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर आहे, तर मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेव्हा आपल्या हरितगृहाचे काम छत्रीचे आहे. वर पक्के, पारदर्शक छप्पर आणि चारही बाजूंनी वारा, हे त्याचे सूत्र.

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढ्या जागेत लहान कुंड्यांचा चांगला संग्रह मावतो. लोखंडी कोनपट्ट्यांचा सांगाडा करून मागची बाजू सात फूट, पुढची सहा फूट ठेवली की पाणी वाहून जाण्यास पुरेसा उतार मिळतो. छपरासाठी अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा वापरावा. कागद स्वस्त पडतो, पण काही वर्षांनी धुरकट होतो आणि बदलावा लागतो. छप्पर सांगाड्याच्या बाहेर किमान दीड फूट यावे, म्हणजे तिरपी सर आत शिरणार नाही. बाजूंना तारेची जाळी लावल्यास पक्षी, खारी आणि उंदीर यांचा उपद्रव टळतो. कुंड्या जमिनीवर न ठेवता फटी असलेल्या मांडणीवर दोन-अडीच फूट उंचीवर ठेवाव्यात, जेणेकरून खालूनही हवा खेळेल.

मार्चअखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत छपराखाली पन्नास टक्के सावलीची जाळी बांधावी आणि आभाळ भरून येऊ लागताच ती काढून टाकावी. पावसाळ्यात उजेड आधीच कमी असतो. त्यात जाळी राहिली, तर झाडे उजेडाच्या शोधात लांबट व फिकट होतात आणि ताणलेले खोड पुन्हा पूर्ववत होत नाही. सांगाडा वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवावा. मात्र त्यासाठी गच्चीच्या जलरोधक थराला भोके पाडू नयेत, आणि गृहनिर्माण संस्थेची परवानगी आधी घ्यावी. गच्ची नसल्यास खिडकीच्या जाळीवर पारदर्शक पत्रा टाकूनही तोच हेतू साधतो.

माती आणि कुंडी

बागेतील काळी माती येथे निरुपयोगी ठरते. एक भाग चाळलेले पालापाचोळ्याचे खत आणि दोन ते तीन भाग भरड पदार्थ, म्हणजे जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे, जळालेल्या दगडी कोळशाचे खडे किंवा परलाइट, असे मिश्रण करावे. वाळूतील बारीक धूळ धुऊन काढणे अगत्याचे आहे, अन्यथा तीच खाली बसून निचरा अडवते. समुद्रकाठची वाळू क्षारांमुळे वापरू नये. कुंडी झाडापेक्षा बोटभरच मोठी असावी, कारण जास्तीची माती जास्तीचे पाणी धरून ठेवते. पृष्ठभागावर बारीक खडीचा थर दिल्यास खोडाचा बुंधा कोरडा राहतो.

पाण्याचे वेळापत्रक

"आठवड्यातून किती वेळा?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पाणी द्यावे तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि माती पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पुन्हा देऊ नये, हा नियम सर्वत्र चालतो. विझलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढावी. ती ओलसर निघाली किंवा तिला माती चिकटली, तर थांबावे. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवयही लवकर जडते.

प्रदेशानुसार वेळापत्रक बदलते. कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील दमटपणामुळे छपराखालील माती वाळतच नाही. तेथे या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवावे. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात सात-आठ दिवसांनी आणि थंडीत महिन्यातून एकदा पाणी बहुधा पुरते. दिल्ली-चंडीगडकडे डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात ओली कुंडी म्हणजे सडीला निमंत्रण, म्हणून नोव्हेंबरअखेरीपासून झाडे कोरडी ठेवावीत. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा तेथे छपराची कसोटी दिवाळीच्या सुमारास लागते. मुंबईहून चेन्नईस बदलून गेलेल्या कुटुंबाने सोबत नेलेल्या झाडांचे वेळापत्रकही बदलणे आवश्यक असते.

झाडांचे स्वभावही भिन्न आहेत. बहुतेक कॅक्टस थंडीत विश्रांती घेतात. हॉवर्थिया मात्र त्याच दिवसांत वाढते. अ‍ॅडेनियमची पाने थंडीत गळतात, तेव्हा ते सुकले असे समजून पाणी वाढविणे ही झाडाला मारण्याची खात्रीची रीत आहे. गारगोटीसारख्या दिसणाऱ्या लिथॉप्समध्ये जुन्या पानांतील पाणी शोषून नवी जोडी आतून वाढते. जुनी पाने कागदासारखी होईपर्यंत तिला थेंबही देऊ नये.

दुखणी आणि उपाय

पिठ्या ढेकूण दिसताच स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने टिपून काढावेत आणि झाड वेगळे ठेवावे. मुळांवर पांढरा भुरा आढळल्यास माती टाकून द्यावी, मुळे धुऊन वाळवावीत आणि नव्या मिश्रणात लागवड करावी. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी रस शोषतात, त्यामुळे साल तांबूस व खरखरीत दिसू लागते. त्यावर सौम्य कडुनिंब तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. सड लागलेले झाड निर्जंतुक सुरीने कापत जावे. आतील गर स्वच्छ दिसू लागला आणि एकही तपकिरी ठिपका उरला नाही, की थांबावे. छेदावर गंधकाची भुकटी लावून तो सावलीत एक-दोन आठवडे सुकू द्यावा आणि मग कोरड्या वाळूत टेकवून ठेवावा. मुळे फुटली की झाड वाचले. रोपवाटिकेच्या सावलीतून आणलेले झाड एकदम उन्हात ठेवल्यास करपते आणि तो डाग जन्मभर राहतो. दोन-तीन आठवड्यांत त्याला उन्हाची सवय हळूहळू लावावी.

खरेदी करताना

लाल-पिवळ्या चेंडूंचे निवडुंग बाजारात फार आकर्षक दिसतात. त्या चेंडूत हरितद्रव्य नसते. खालच्या हिरव्या खोडावर कलम केलेला असतो म्हणूनच तो जगतो, हे जाणून घ्यावे. काही झाडांवर वाळलेली रंगीत फुले डिंकाने चिकटविलेली असतात, तीही पारखून घ्यावीत.

याहून गंभीर बाब रानातून उपटून आणलेल्या झाडांची आहे. सोनेरी काट्यांचा गोल 'गोल्डन बॅरल' आज जगभरच्या रोपवाटिकांत बियांपासून लाखोंनी तयार होतो. मेक्सिकोतील त्याच्या मूळ भूमीत मात्र तो संकटग्रस्त आहे. झिमापान धरणाच्या जलाशयाने त्याच्या अधिवासाचा मोठा भाग बुडविला, आणि बेकायदा उपटणीनेही त्याची हानी केली. जवळपास सर्व कॅक्टस 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतात. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य असून, २०२२ च्या दुरुस्तीने करारातील जातींचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्यातही झाला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. म्हणून परदेशातून चोरवाटेने आलेले 'दुर्मीळ' झाड कितीही मोहक असले तरी नाकारावे. कालिंपाँगसारख्या ठिकाणच्या जुन्या रोपवाटिकांतून आणि विश्वासू स्थानिक माळ्यांकडून बियांपासून वाढविलेली रोपे सहज मिळतात. नव्या हौशी मंडळींनी एकदा हरियाणातील पंचकुला येथील सात एकरांचे निवडुंग उद्यान अवश्य पाहावे. १९८७ मध्ये उभारलेल्या या उद्यानात पूर्ण वाढलेली झाडे कशी दिसतात, हे पाहिल्यावर कुंडीतल्या रोपाकडे बघण्याची नजरच बदलते.

दीर्घ मुदतीची हौस

बदलीच्या वेळी झाडे हलवायची असल्यास दोन आठवडे आधी पाणी बंद करावे, कुंडीतून काढून मुळांची माती झटकावी, प्रत्येक झाड वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात उभे रचावे आणि नावाची चिठ्ठी लावावी. दहा-पंधरा दिवसांचा प्रवास बहुतेक निवडुंग निमूट सोसतात. नव्या घरी पोहोचताच पाणी देण्याचा मोह आवरावा. लागवडीनंतर आठवडाभराने, दुखावलेली मुळे सुकून भरून आल्यावर, पहिले पाणी द्यावे.

बियांपासून वाढविलेल्या गोल्डन बॅरलला फूल येण्यास दीड-दोन दशके सहज लागतात. ज्या घरात शाळकरी मुलाच्या हाताने आज बी पेरले जाईल, तेथे ते मूल नोकरीला लागेपर्यंत कदाचित पहिली पिवळी कळी दिसेल. तोवर झाड फारसे काही मागणार नाही. प्रत्येक पावसाळ्यात डोक्यावर एक कोरडे छप्पर, आणि हातातला पाण्याचा तांब्या वेळीच खाली ठेवू शकेल असा माणूस, एवढेच त्याला पुरेल.