फीसाठी कुणाचे दार ठोठवावे?

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात सोयाबीनची पेरणी आणि मुलांचे कॉलेजप्रवेश साधारण एकाच वेळी येतात. बियाणे, खत आणि मजुरीत हातातला पैसा संपतो आणि नेमकी तेव्हाच केंद्रीभूत प्रवेशाच्या कॅप राऊंडची यादी लागते. मुलीला नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला पाठवायचे, तर फीच्या जोडीला वसतिगृह, मेस आणि पुस्तकेही आलीच. कोरडवाहू शेती असलेला बाप अशा वेळी अडत्याकडे उचल मागतो, नाहीतर आईच्या गळ्यातले गहाण पडते. गरज पाहून शिक्षणाला पैसे देणाऱ्या शेकडो संस्था महाराष्ट्रात आहेत. समाजाची मंडळे आहेत, सेवाभावी क्लब आहेत, स्त्रियांच्या संघटना आहेत. खेड्यातल्या घरापर्यंत त्यांची नावेच पोहोचत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

ही परंपरा जुनी आहे आणि तिची एक ठळक सुरुवात स्त्रियांच्या संघटनेतच सापडते. आनंदीबाई जोशी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिथे गेल्या आणि पुढे अमेरिकेतच राहून गावोगाव व्याख्याने देऊ लागल्या. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ नावाची मंडळे निघाली. सभासदांनी वर्षाला एखादा डॉलर द्यायचा आणि तो सलग दहा वर्षे द्यायचा, असा संकल्प होता. आजच्या बचत गटातली बाई दर महिन्याला ठरलेली रक्कम पेटीत टाकते, तसाच तो हिशोब. त्या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू झाले.

तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही कोकणातल्या खेड्यातली बालविधवा होती. 1893 मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला वाढला. त्या संस्थेने दिवाळीत घरोघर जाऊन भाऊबीज मागायची प्रथा पाडली. ओवाळणीतले चार पैसे अनोळखी मुलीच्या शिक्षणाला जाऊ लागले. बोस्टनच्या ज्या बायकांनी डॉलर दिले, त्यांतल्या बहुतेकींनी गोदूबाईला कधी पाहिलेही नसेल.

हे सविस्तर सांगण्याला कारण आहे. मदत मागायला अनेक पालक लाजतात. गावात गरीब म्हणून नाव होईल, सोयरिकीला अडचण येईल, अशी भीती असते. ही भीती मुलांच्या शिक्षणाची फार नासाडी करते. 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती घेण्यात कमीपणा असता, तर हा देश किती माणसांना मुकला असता!

दुसरा गैरसमज ‘आपल्या समाजाची संस्थाच नाही’ हा. काही निधी खरोखरच एका समाजापुरते असतात. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचा शिष्यवृत्ती निधी त्यांतलाच, आणि अशा ठिकाणी अट आधी वाचावी. पण समाजाच्या नावाने चालणारी प्रत्येक संस्था इतरांना दार बंद करते असे मुळीच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादकडची सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती सगळ्या जातीधर्मांची होती. पुढे वाघोलीच्या त्याच संकुलात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलेही शिकली. ज्या घरात कर्ता माणूस गेला आहे, त्या घराने अशा संस्थांकडे आवर्जून विचारणा करावी.

पुण्याला जाणाऱ्या मुलामुलींनी विद्यार्थी साहाय्यक समितीचे नाव लक्षात ठेवावे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 मध्ये ती स्थापन केली. ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांना अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय मिळते आणि मुलांनी रोज थोडे काम करावे अशी तिथली रीत आहे. पुण्यातल्या खोलीभाड्याचा आणि मेसचा विचार केला, तर अशा वसतिगृहातली एक जागा अनेक रोख शिष्यवृत्त्यांपेक्षा मोलाची ठरते. मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन आहे. गुण आणि घरची परिस्थिती दोन्ही पाहून ते निवड करते. कोणत्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांना आणि कोणत्या अभ्यासक्रमांना मदत आहे, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचूनच अर्ज करावा.

सरकारी योजनांचा अर्ज मात्र सगळ्यांच्या आधी. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज न भरता खासगी न्यासाकडे गेलेल्या विद्यार्थ्याला ‘तो अर्ज का भरला नाही’ हाच पहिला प्रश्न विचारला जातो. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला 50,000 रुपये देते. म्हणून न्यासाकडे काय मागायचे ते नीट ठरवावे. शिक्षण शुल्क सरकार भरत असेल, तर मेस, खोली, लॅपटॉप, प्रवास यांसाठी मागावे. एकाच खर्चासाठी दोन ठिकाणचे पैसे घेणे अनेक योजनांत चालत नाही. आधी मिळालेली मदत अर्जात स्पष्ट लिहावी. लपवलेली गोष्ट उघड झाली, की तो न्यास पुढच्या वर्षी त्या गावाच्या दुसऱ्या अर्जाकडेही संशयाने पाहतो.

नावे शोधायची कुठे? महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यास 1950 च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात आणि नोंदीत न्यासाचा उद्देश लिहिलेला असतो. शिक्षणासाठी साहाय्य हा उद्देश असलेले न्यास तिथून कळू शकतात. रोटरी, लायन्स, इनरव्हील यांचे क्लब मोठ्या गावांत असतात. त्यांच्या अध्यक्षांना एक पत्र आणि एक प्रत्यक्ष भेट, एवढे केले तरी निदान दिशा मिळते. कॉलेजच्या विद्यार्थी विभागातला कारकून आणि आधी शिकून गेलेली गावातली मुले यांना जे माहीत असते, ते छापील यादीत नसते. आईने बचत गटाच्या बैठकीत विषय काढावा. गटातून मिळणारे अल्प व्याजाचे कर्ज शिष्यवृत्तीचा धनादेश येईपर्यंतचा काळ निभावून नेते, कारण प्रवेशाची फी आधी भरावी लागते आणि न्यासाचे पैसे मागाहून येतात.

कागदपत्रांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सर्वांत महत्त्वाचा. निकाल लागल्यावर सगळा तालुका सेतू केंद्रावर लोटतो, त्यामुळे दाखल्याचे काम एप्रिल-मेमध्येच उरकावे. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, गुणपत्रिका, बोनाफाईड, फीची पावती आणि आधार जोडलेले बँक खाते हेही तयार हवे. पत्त्यात तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली ठळक लिहावे. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला पुसेगाव म्हटले की साताऱ्याचे, सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते आणि पत्र भलतीकडे जाऊ शकते.

अर्जाचे यश बहुतेक वेळा गरजेच्या पत्रावर ठरते, आणि इथेच आपली मुले कमी पडतात. ‘आमची परिस्थिती हलाखीची आहे’ हे वाक्य विश्वस्ताने हजारदा वाचलेले असते. मुंबईत बसलेल्या त्या माणसाला सातबाऱ्यावर दोन हेक्टर दिसले, की घर सधन वाटते. त्याला सांगावे लागते की विहिरीला पाणी कधीपर्यंत टिकते, गेल्या हंगामात सोयाबीन किती क्विंटल झाले आणि काय भावाने गेले, पीककर्ज किती थकले आहे, घरात शिकणारी भावंडे किती. मग वर्षाचा खर्च आकड्यांत मांडावा, हाती काय आहे ते लिहावे आणि तूट किती ते सांगावे. एक पान पुरे. पत्र मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या भाषेत लिहावे, इंटरनेट कॅफेवाल्याचा तयार मजकूर उतरवू नये. मुलाखतीला बोलावले, तर याच पत्रावरून प्रश्न येतात.

काही मदत परतफेडीची असते. 1892 चे जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी उच्च शिक्षणासाठी अशीच कर्ज-शिष्यवृत्ती देते. काही समाजसंस्थाही बिनव्याजी रक्कम देऊन नोकरी लागल्यावर ती परत मागतात. अटींवर सही करण्यापूर्वी हप्ता, मुदत आणि जामीनदार हे तिन्ही समजून घ्यावे.

परदेशात शिकायचे असेल तर आणखी दोन वाटा आहेत. अमेरिकेतल्या पी.ई.ओ. या स्त्रियांच्या भगिनीसंघाची स्थापना 1869 मध्ये आयोवात सात विद्यार्थिनींनी केली. त्यांची आंतरराष्ट्रीय शांतता शिष्यवृत्ती 1949 पासून इतर देशांतल्या स्त्रियांना अमेरिका-कॅनडात पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळते. ती गरज पाहून दिली जाते आणि शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची अट असते. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटमध्ये किमान 30,000 डॉलरचा प्रकल्प लागतो. तिथे निव्वळ गरज पुरत नाही, विषय रोटरीच्या कार्यक्षेत्रांत बसावा लागतो आणि अर्ज क्लबमार्फतच जातो.

फसवणूक करणारेही याच हंगामात फोन करतात. शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, प्रक्रिया शुल्क भरा किंवा ओटीपी सांगा, असे कुणी म्हटले तर तो फोन तिथेच ठेवावा.

आणि मंजूर झालेली शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने टिकवावी लागते. पहिल्या वर्षाचा निकाल लागताच गुणपत्रिकेची प्रत आणि खर्चाच्या पावत्या एका छोट्या पत्रासह न्यासाकडे पाठवाव्यात. एखादा विषय राहिला असेल तर तेही लिहावे, कारणासह. अनेक न्यास दुसऱ्या वर्षाची रक्कम गुणपत्रिका हातात पडल्यावरच काढतात.