मनाची झाडलोट

नागपूर शहरातील धंतोली भागात रामकृष्ण मठ आहे. इ. स. १९२८ मध्ये स्वामी भास्करेश्वरानंद यांनी त्याची स्थापना केली. मठात देवालय आहे, ग्रंथालय आहे आणि गोरगरिबांसाठी दवाखानाही आहे. श्रीरामकृष्ण व स्वामी विवेकानंद यांच्याविषयीचे कितीतरी मराठी ग्रंथ येथूनच प्रसिद्ध झाले आहेत.

मठातील संन्याशांची भगवी वस्त्रे पाहून पुष्कळांना वाटते, की घर सोडले आणि वस्त्र बदलले म्हणजे माणूस साधू झाला. परंतु या संघात संन्यास लगेच मिळत नाही. त्यापूर्वी अनेक वर्षे ब्रह्मचारी म्हणून राहावे लागते. घराचा उंबरठा एका दिवसात ओलांडता येतो. मनातला राग, भीती आणि अभिमान यांना बाहेर काढण्यास मात्र वर्षे लागतात. ज्यांच्या नावाने हा मठ उभा आहे, त्या श्रीरामकृष्णांनी हे कष्ट स्वतः सोसले होते.

श्रीरामकृष्णांचा जन्म इ. स. १८३६ मध्ये बंगालमधील कामारपुकूर या खेड्यात झाला. पुढे ते कलकत्त्याजवळ दक्षिणेश्वर येथील कालीमंदिरात पुजारी झाले. आपल्या तुकोबांनी लोकांची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. श्रीरामकृष्णांनीही तसेच केले. गंगेच्या काठी बसून ते एका हातात नाणे व दुसऱ्या हातात माती घेत. दोन्ही सारखीच, असे मनाला पुनःपुन्हा बजावीत आणि दोन्ही गंगेत टाकून देत.

पैशाचा मोह गेला. पण आपण ब्राह्मण, म्हणजे इतरांहून श्रेष्ठ, हा अभिमान अजून मनाच्या कोपऱ्यात दडून बसला असेल, असे त्यांना वाटले. तेव्हा ज्यांना लोक अस्पृश्य मानीत, अशा एका सफाई कामगाराच्या घरी ते मध्यरात्री गेले. तेथील शौचकूप त्यांनी स्वतः स्वच्छ केले आणि आपल्या लांब केसांनी ती जागा पुसून काढली. दिवसा ते घरचे लोक त्यांना हे काम करू देणार नाहीत, म्हणून त्यांनी रात्रीची वेळ निवडली होती.

पुढे त्यांच्याजवळ अनेक तरुण शिष्य जमले. त्यांपैकी निरंजन हा अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने तापट होता. एकदा तो नावेतून दक्षिणेश्वरास चालला असता, काही उतारू श्रीरामकृष्णांची निंदा करू लागले. निरंजनने त्यांना हटकले. पण ते थांबेनात. तेव्हा संतापाच्या भरात तो नावच बुडवावयास निघाला. घाबरलेल्या उतारूंनी हात जोडून क्षमा मागितली, तेव्हा कोठे तो शांत झाला. ही हकीकत कानी येताच श्रीरामकृष्णांनी त्याची कानउघाडणी केली. क्रोधाच्या आहारी कधी जाऊ नये. शिवाय त्या बिचाऱ्या नावाड्यांनी तुझा काय अपराध केला होता, असे त्यांनी त्याला विचारले.

योगीन हा दुसरा शिष्य अतिशय मवाळ होता. त्याच्यावरही नावेत असाच प्रसंग आला. या लोकांना आपल्या गुरूंची खरी ओळख नाही, मग भांडून काय उपयोग, असा विचार करून तो गप्प बसला. आपली शाबासकी होईल असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. पण श्रीरामकृष्ण त्याच्यावरही रागावले! गुरूची विनाकारण निंदा होत असता तू मुकाट्याने कसा ऐकलास, असे ते म्हणाले.

प्रसंग एकच, मग उपदेश उलट का? कारण दोघांचे दोष निराळे होते. निरंजनला राग सोडावयाचा होता, तर योगीनला दुबळेपणा. ज्याची जी खोड, तीच त्याला सर्वांत प्रिय वाटते. राग हेच शौर्य, असे तापट माणूस समजतो. भित्रा माणूस भीतीला शांती म्हणतो. म्हणूनच आपला दोष ओळखणे कठीण आणि त्याला निरोप देणे त्याहून कठीण. दोघांनी ते केले आणि दोघेही पुढे थोर संन्यासी झाले.

एकदा काढलेला दोष पुन्हा डोके वर काढतो, हे स्वामी विवेकानंदांनाही अनुभवावे लागले. संन्यास घेतल्यानंतर, इ. स. १८८८ मध्ये, ते वृंदावनाकडे पायी चालले होते. वाटेत एक मनुष्य चिलीम ओढीत बसला होता. थकलेल्या स्वामींनी त्याच्याकडे चिलीम मागितली. आपण भंगी आहोत, असे त्याने संकोचाने सांगितले. ते ऐकून स्वामी तसेच पुढे निघाले. थोडे अंतर गेल्यावर ते एकाएकी थबकले. आपण जात, कूळ, मान सारे टाकले, असे म्हणतो. मग आताच आपले पाऊल मागे का सरले? या विचाराने ते ओशाळले. तसेच माघारी फिरून ते त्या मनुष्याजवळ बसले आणि त्याचा संकोच मोडून त्यांनी त्याच्या हातची चिलीम घेतली.

चिलीम ओढणे ही काही चांगली सवय नव्हे. येथे महत्त्व आहे ते त्या माघारी वळलेल्या पावलांना. घर आज झाडले तरी उद्या पुन्हा केर साचतो. म्हणून कोणी झाडू टाकून देत नाही. मनाचेही तसेच आहे. चूक दिसताच जो तेथूनच माघारी वळतो, त्याचे मन हळूहळू निर्मळ होत जाते.

अभ्यास

१. निरंजन व योगीन यांना श्रीरामकृष्णांनी वेगवेगळा उपदेश का केला?
२. स्वामी विवेकानंद वाटेतून माघारी का फिरले?
३. 'भित्रा माणूस भीतीला शांती म्हणतो' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वाक्यांत उपयोग करा : कानउघाडणी करणे, आहारी जाणे, डोके वर काढणे.