सी भाषेंतील अनियतसंख्य मॅक्रो

कल्याण सोडल्यावर अंबरनाथची लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर व अंबरनाथ या तीन स्थानकांवर थांबते. बदलापूरची लोकल त्यापुढें चौथें स्थानक गांठते. हीं नांवें छापण्यासाठीं एकच मॅक्रो लिहावयाचा, तर त्यानें तीन नांवेंही स्वीकारलीं पाहिजेत व चारही. सी भाषेच्या १९९९ च्या मानकानें ही सोय करून दिली. आम्ही येथें नागरी अक्षरें योजिलीं आहेत. यंत्रावर भाषेचे शब्द रोमन अक्षरांतच लिहावे.

#डिफाइन सूचना(नमुना, ...) प्रिंटएफ(नमुना, __व्हीए_आर्ग्स__)

तीन टिंबांचा अर्थ ‘येथून पुढें जें येईल तें सर्व’. तो सर्व मजकूर, मधल्या स्वल्पविरामांसह, __व्हीए_आर्ग्स__ या नांवाच्या जागीं येऊन बसतो.

विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. मॅक्रो कांहीं मोजीत नाहीं. तो केवळ एका मजकुराच्या जागीं दुसरा ठेवितो, आणि हें काम कंपायलर वाक्यरचना तपासूं लागण्यापूर्वींच उरकतें. म्हणून सूचना("गाडी थांबली") असें लिहिलें असतां पुढें ठेवण्यास कांहींच नसतें, तथापि स्वल्पविराम तसाच राहतो. प्रिंटएफ("गाडी थांबली", ) हें वाक्य अर्थातच नाकारलें जातें.

यावर उपाय तीन आहेत. पहिला व सर्वांत सोपा असा कीं, ‘नमुना’ हें वेगळें नांव गाळून सूचना(...) एवढेंच लिहावें व सर्व मजकूर प्रिंटएफच्या कंसांत सोपवावा. दुसरा ग्नू कंपायलरचा: स्वल्पविरामानंतर ## हें चिन्ह लिहिल्यास मजकूर नसतांना स्वल्पविरामही गळतो, परंतु ही सवलत मानकाबाहेरची आहे. तिसरा सी२३ या नव्या मानकाचा: __व्हीए_ऑप्ट__(,) असें लिहिल्यास मजकूर असेल तेव्हांच स्वल्पविराम उमटतो.

एवढ्यानें धोका संपत नाहीं. नमुन्यांत तीनदां %एस लिहून चार नांवें दिलीं, तर बदलापूर मुकाट्यानें गाळलें जाईल. उलट चारदां %एस लिहून तीनच नांवें दिलीं, तर काय घडेल याची हमी मानक देत नाहीं. भलतींच अक्षरें छापलीं जातील, किंवा कार्यक्रम मध्येंच बंद पडेल. ग्नू कंपायलर चालवितांना ‘-वॉल’ हा पर्याय दिल्यास तो अशा विसंगतीचा इशारा देतो. तो इशारा कधींही दुर्लक्षूं नये. नमुन्यांत जितक्या जागा, तितकींच नांवें आहेत कीं नाहींत, हें पाहण्याची जबाबदारी लिहिणाराचीच आहे.