थर्मल डोळ्याला लावण्याआधी

पोरी, रात्रगस्तीला आता थर्मल दुर्बीण मिळाली, बरं झालं. आम्ही जुन्नरच्या उसात टॉर्चच्या उजेडात लकाकणाऱ्या बिबट्याच्या डोळ्यांवरच भिस्त ठेवून फिरलो. पण हे यंत्र तासन् तास डोळ्याला लावलं की डोकं जड होतं, मळमळतं, आपण कुठल्या बांधावरून आलो तेच कळेनासं होतं. तसं झालं तर जोडीदाराला लगेच सांग, अंगावर काढू नकोस.

चालताना यंत्र खाली, बघताना पाय थांबलेले. यात सूट नाही. पडद्यावर खोली कळत नाही. चारी, खड्डा, बांध सगळं एका पातळीत दिसतं. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी पावलोपावली. बिबटे पडतात त्यात, रोज त्याच रानात वावरणारे. काठ आणि आतली भिंत सारखीच निवलेली असली, तर विहिरीचं तोंड पडद्यावर उमटतच नाही.

अंधाराला डोळा पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि उजळ पडदा ते क्षणात घालवतो. यंत्र खाली घेतलं की एका डोळ्याला दिसतं, दुसऱ्यापुढे काळोख, आणि तोल जातो. तेव्हा लगेच पाऊल टाकू नकोस. पडद्याचा उजेड अगदी तळाला ठेव. गरम ते काळं दाखवणाऱ्या रंगात अख्खा पडदा पांढरा होतो, रात्री तो नकोच. लाल घे, नाहीतर गरम ते पांढरं. डोळ्याकडची काच आधी आपल्या नजरेला जुळवून घे, नाहीतर तासाभरात कपाळ ठणकेल.

मळमळ बहुतेक घाईने होते. दुर्बीण भराभर फिरवली की चित्र मागे रेंगाळतं आणि पोट ढवळतं. सावकाश फिरव. मधेच 'टक्' आवाज होऊन चित्र थिजलं तर दचकू नकोस, यंत्र स्वतःला जुळवून घेत असतं. आणि रिकाम्या पोटी गस्तीला जाऊ नकोस, भाकरीचे चार घास खाऊनच नीघ.

दिशेचं म्हणशील तर दुर्बीण उचलण्याआधी साध्या डोळ्यांनी एक खूण धर: डीपी, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर. खाली घेतलीस की पहिली तीच शोध. जोडीतल्या एकानेच बघायचं, दुसऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेलेच राहू देत. पुढे चालायचं त्याने. वाटेत अदलाबदल करू नका, एका मुक्कामाला बघणारा एकच.

आणि पडद्याला भुलू नकोस. दिवसभर तापलेले धोंडे रात्री उशिरापर्यंत जनावरासारखे उजळतात. पहाटेआधी चित्र जास्त स्वच्छ. धुकं दाटलं की नजर आखूड होते. उसाच्या पाल्याआडचं यंत्राला दिसत नाही, म्हणून पडदा कोरा दिसला तरी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन 'ऊस मोकळा आहे' असं कधीही सांगू नकोस. तिथे उघड्यावर लेकरं निजलेली असतात. बिबट्याचे ठिपके यंत्रात दिसत नाहीत, अंतर कळत नाही, त्यामुळे जवळचं मांजर दूरच्या बिबट्याएवढं भासतं. चाल बघ, शेपटीची लांबी बघ, मगच तोंडातून 'बिबट्या' हा शब्द काढ. तो ऐकला की अख्खी वस्ती काठ्या घेऊन बाहेर पडते.

गस्त संपली की लगेच दुचाकीला किक मारू नकोस. अंधारातल्या डोळ्यांवर समोरून ट्रॅक्टरचा दिवा आला तर रस्ताच दिसत नाही. चौकीच्या दिव्याखाली थोडं बस, पाणी पी, दोन्ही डोळ्यांना सारखं दिसू लागलं की मग नीघ.