स्वाध्याय : चलन भरायचं की म्हणणं मांडायचं?



मागच्या गुरुवारी उपासना झाल्यावर चहाच्या वेळी विषय निघाला तो ई-चलनाचा. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कागल, सगळीकडचे साधक होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरात एकाच्या तरी मोबाईलवर तो मेसेज येऊन गेलेला. "बोर्डच दिसत नाही, मग आम्ही काय स्वप्नात बघायचं?" असं एक काका म्हणाले आणि सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या खिशात तसलाच मेसेज होता. या आठवड्याच्या स्वाध्यायाला तेच उदाहरण घेतोय. घरात सगळ्यांनी मिळून वाचा, गाडी चालवणाऱ्या मुलामुलींना मुद्दाम बसवा.

गुरुपौर्णिमेनंतरच्या सोमवारची गोष्ट. निपाणीजवळच्या एका रस्त्यावर, शाळेच्या थोडं अलीकडं, पोलीस स्पीड गन घेऊन उभे होते. माझी गाडी ताशी 62 किलोमीटरवर. तिथली मर्यादा 40. सहाव्या दिवशी चलन आलं. दंड 1000 रुपये.

घरी परतताना मी मुद्दाम गाडी थांबवून बघितलं. लाल कडेचा, 40 आकड्याचा गोल फलक खांबावर होता, पण रस्त्यावरनं दिसत नव्हता. त्याच्या पुढं फ्लेक्स बांधलेला. फलक दिसतच नाही म्हटल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : सापडलं! आता पैसे भरायचे नाहीत.

आता थोडा कायदा समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर आपण फार भांडतो. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या कलम 112 प्रमाणे एखाद्या भागात नेहमीपेक्षा कमी वेगमर्यादा घातली, तर तिथं योग्य जागी फलक लावायला हवा. फलक कसा असावा ते कलम 116 आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वेग मोडल्याची शिक्षा कलम 183 मध्ये. कारसारख्या हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड आणि पुन्हा सापडल्यास लायसन्स जप्तीपर्यंत जातं. याच कलमात एक फार चांगली गोष्ट आहे. नुसत्या एका साक्षीदाराच्या "गाडी जोरात होती" एवढ्या मतावर शिक्षा होत नाही, ते मत यंत्राच्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं.

त्या यंत्रांचे नियम 2021 च्या ऑगस्टमध्ये आले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 167 अ. स्पीड गनसुद्धा त्यात येते. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. जिथं असं यंत्र लावलंय त्याच्या आधी लोकांना कळेल असा सूचनाफलक हवा. गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायला हवी. चलनात गाडीचा नंबर दिसणारा स्पष्ट फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा असायला हवी. म्हणून चलन आलं की आधी रागावू नका, आधी ते उघडून नीट वाचा. आपल्यातल्या एका ताईंच्या चलनावर गाडी दुसऱ्याचीच होती, नंबरातला एक आकडा यंत्रानं चुकीचा वाचलेला. त्यांनी आठ दिवस घरात चिडचिड केली, फोटो मात्र उघडून बघितला नव्हता.

आपल्या भागात एक वेगळं कारण नेहमी ऐकू येतं. "कन्नडमध्ये लिहिलेलं, आम्हाला कुठं वाचता येतं?" खरं सांगतो, हे कारण सोडून द्या. वेगाचा फलक म्हणजे लाल कडेचा गोल आणि आत आकडा. तो बेळगावात, कोल्हापुरात आणि कन्याकुमारीत सारखाच. 40 हा आकडा मराठी नाही, कन्नडही नाही. राज्याला वाटलं तर आपल्या लिपीतली अक्षरं किंवा आकडे त्यावर जादा घालता येतात, कायद्यातच तशी सोय आहे. पण त्यानं चिन्हाचा अर्थ बदलत नाही. सीमाभागातलं आपलं दुःख मोठं आहे, ते मांडायच्या जागाही आहेत. 62 च्या वेगाला त्याची पांघरूण घालू नये.

फलक झाडीत आहे, वाकलाय, पुसलाय, झाकलाय, किंवा कामाच्या वळणरस्त्यावर जुना आणि नवा दोन्ही फलक उभे आहेत, हे मात्र खरे मुद्दे आहेत. कागल ते सातारा रस्ता सहापदरी करण्याच्या कामात वळणांवरनं ज्यांनी प्रवास केलाय त्यांना जास्त सांगायला नको. अशा वेळी त्याच दिवशी, ड्रायव्हरच्या जागेवरनं, डोळ्याच्या उंचीवरनं फोटो घ्यावा. लांबून जवळ येतानाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्यानं काढावा, चालवणाऱ्यानं नव्हे. मग वाहतूक पोलिसांकडं लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मर्यादा कधी ठरली, यंत्राचं प्रमाणपत्र कधीचं आहे, हे माहिती अधिकारात विचारता येतं. एकदा दंड भरला की आपण मान्य केलं असं होतं, नंतर भांडता येत नाही. म्हणून ठरवायचं ते नोटिशीवर छापलेल्या मुदतीच्या आत. काहीजण तिसराच मार्ग धरतात : काहीच करायचं नाही, सवलतीची वाट बघायची. कर्नाटक सरकारनं 2023 च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा 2025 मध्ये थकलेल्या चलनांवर 50 टक्के सूट दिली, तेव्हापासून ही सवय वाढलीय. याला निर्णय म्हणत नाहीत.

आता माझ्याकडं येतो. ओळखीच्या वकिलांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "फलक दिसत नव्हता हे सिद्ध होतंय. मांडा की म्हणणं." मी म्हटलं, "पण मी त्या रस्त्यानं बारा वर्षं जातोय. पुढं शाळा आहे, मर्यादा 40 आहे, मला पाठ आहे." ते म्हणाले, "ते तुम्हाला कोण विचारतंय?"

कोण विचारतंय, यावर मी दोन रात्री झोपलो नाही. 62 च्या वेगाला गाडी एका सेकंदात 17 मीटर पुढं जाते, 40 ला 11. पोर रस्त्यात आलं आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर सहा मीटरचा फरक तिथंच पडतो. हे त्या सोमवारीही मला माहीत होतं.

आणि एक गोष्ट वकिलांना सांगितली नव्हती. तो फ्लेक्स आपल्याच गुरुपौर्णिमा उत्सवाचा होता. बांधताना शिडी मी धरली होती.

घरात सांगितलं. बायको म्हणाली, "गप्प हजार रुपये भरा आणि मोकळे व्हा." मलाही तेच बरं वाटलं. सूनबाई मात्र म्हणाली, "मामंजी, तुम्ही भरून मोकळे व्हाल. पण त्या आठ-दहा दिवसांत तिथं अजून किती जणांना चलन बसलं असंल? त्यांना तर शाळा आहे हेपण माहीत नसणार."

ती बरोबर होती. शोध घेतला तर ओळखीतच एक निघाला, कागलकडचा टेम्पोवाला, एमएच 09 पासिंगचा. त्या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेला. त्याला म्हटलं, तुमची बाजू खरी आहे, मांडा. तर म्हणाला, "दादा, निपाणीच्या कोर्टात दोन खेपा झाल्या तर दोन दिवसांचं भाडं गेलं. हजार भरलेलं परवडलं." त्याचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. खरं असूनही माणूस गप्प भरतो तो असा.

मी माझा दंड भरला. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडं अर्ज दिला : या तारखेपासून या तारखेपर्यंत हा फलक आमच्या उत्सवाच्या फ्लेक्सनं झाकलेला होता, तो आता काढलाय, त्या दिवसांतली या जागेची चलनं तपासावीत. सोबत फोटो.

अर्ज द्यायच्या आदल्या रात्री आपल्या गटात बराच वाद झाला, तो इथं लपवत नाही. "उत्सवाचं नाव पोलिसांत कशाला?" असं ज्येष्ठांपैकी दोघांचं म्हणणं होतं. विनापरवाना जाहिराती लावण्याविरुद्ध कर्नाटकात 1981 पासून कायदा आहे, आणि आपण परवानगी घेतली नव्हती. म्हणजे अर्जानं दंड आपल्यावरही येऊ शकतो. नाव न घालता 'कुणीतरी लावलेला फ्लेक्स' असं लिहावं, अशी सूचना आली. मी तसं लिहूनही बघितलं. वाचताना ते वाक्य माझ्यानं पुढं गेलं नाही, म्हणून नाव घातलं. त्या दोघा ज्येष्ठांचा राग अजून गेलेला नाही, आणि त्यांचं मन मला मोडायचं नाही. या गुरुवारी त्यांच्या घरी जाणार आहे.

अर्जाची पोच मिळालीय, उत्तर अजून नाही. टेम्पोवाल्याला मी म्हटलं की तुमच्या खेपांचं भाडं माझ्याकडं लागलं. तो आधी नाही म्हणाला, मग फोटो मागून घेतला आणि दंड भरायचा थांबला. पुढच्या महिन्यात त्याला निपाणीला बोलावलंय. साक्षीला मी जातोय, गाडी सूनबाई चालवणार आहे.